मराठीतला पंधरा

गुणाबाई म्हणजे वडशाच्या नाटकवाल्यांमधली नावाजलेली बाई. रात्रभराच्या नाटकात अख्खं गाव रडवायची आणि त्याच हिमतीवर तिने स्वतःची मंडळी उभी केली होती. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरजवळून जाताना हीच बाई अंग चोरून जायची.

त्याला कारण होतं. मंडळीची वेबसाइट नवी असताना तिने हौसेने एक बुकिंग स्वतः भरली, तर पडद्यावर भलतीच तारीख उमटली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. शाळा तर चौथीतच सुटलेली. "आपल्याले नाई जमत बापा," म्हणून ती उठली. ते मनाला लागलं ते लागलंच. तेव्हापासून गावोगावची माणसं फोनवर तारीख सांगायची आणि ऑफिसातलं कुणीतरी ती भरायचं.

यंदा मात्र गावकरी मोबाइलवरून स्वतःच बुकिंग करू लागले. वेबसाइट सांभाळणारी हर्षा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकलेली, बोलायला हळू आणि कामाला वाघ. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकांची बुकिंग जोरात सुरू होणार, तोच ती म्हणाली, "बाई, सर्व्हरवरची पीएचपी बदलावी लागते. आपली सात नंबरची जुनी झाली. आठ टाकू."

"हे पीएचपी काय भानगड आहे?"

"लोकं जे भरतेत ते वाचून त्यायले उत्तर देते, ते. तिच्याच जोरावर वेबसाइट चालते."

"चालते ना? मंग हात कायले लावतं?"

"जुनीची दुरुस्ती आता कोणी करत नाई. उद्या चोर घुसंल. त्या दुसऱ्या मंडळीच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती नाचून राह्यल्या, पाहिलं ना?"

पाहिलं होतं. पण ऐन हंगामात साइट बंद पडली, तर गावं दुसऱ्या मंडळीकडे वळणार, आणि कलावंतांच्या चुली गुणाबाईच्याच भरवशावर पेटत होत्या. ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

हर्षाने वाद घातला नाही. पोरीचं कौतुक करावं ते इथेच. तिने नुसतं विचारलं, "बाई, नव्या नटीले तुमी पहिल्याच दिवशी स्टेजवर सोडता काय?"

"पागल झाली काय? आधी विंगेत उभी राहते. जुनी बोलते, नवी मनातल्या मनात म्हणते."

"मंग तसंच करू. आलेली बुकिंग दोघींकडे जाईन. लोकायले उत्तर जुनीच देईन. नवी विंगेत."

गुणाबाई खळखळून हसली. कॉम्प्युटरवाल्या माणसाचं बोलणं तिला पहिल्यांदाच सरळ समजलं होतं.

काही दिवस नवी जुनीच्या जोडीने नीट चालली. मग एका दुपारी अडली. चिमूरकडच्या एका गावच्या मंडई कमिटीचे मुखरूभाऊ, त्यांची बुकिंग आली होती. जुनीने "बुकिंग पक्की" म्हणून निरोप धाडला आणि नवी लाल अक्षरं दाखवून थांबली.

"पाह्य! वाचा बसली तुह्या नवीची!" गुणाबाई कडाडली.

हर्षाने पडद्यावरच्या दोन तारखांवर बोट ठेवलं. "बाई, भाऊनं पंधरा डिसेंबर मागितला. अन् जुनीनं पक्का केला तीस नोव्हेंबर."

पंधरा डिसेंबरला सारं गाव मांडवात वाट बघत बसलं असतं आणि मंडळी गेलीच नसती. असं एकदा झालं की ते गाव पुन्हा दारात उभं करत नाही.

"काऊन झालं असं?"

"भाऊनं पंधरा मराठीत लिवला. पीएचपीले इंग्रजीच आकडा समजते. जुनीले समजला नाई, तं तिनं शून्य धरला. डिसेंबरची शून्य तारीख म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा दिवस. नवीलेबी नाई समजला, पण ती थांबते. जुनी थापा मारून पुढं जाते."

गुणाबाई खाली बसली. तिला मराठीशिवाय दुसरे आकडे येतच नव्हते.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तवा मीनंबी मराठीतच टाकला होता."

"बाई, चूक तुमची नव्हतीच."

स्टेजवर हुकमी रडणारी ती बाई, पण हे रडू काही तिला आवरलं नाही. इतकी वर्षं आपण अडाणी म्हणून स्वतःच्याच ऑफिसात परक्यासारखी वागलो, याचं तिला फार वाईट वाटलं. मग तिने डोळे पुसले आणि आवाज चढवला.

"टाक तुही नवी! पण तिले मराठी शिकव. आपल्या माणसानं आपला आकडा लिवला, तं ती अडली नाई पायजे."

हर्षाने मुखरूभाऊंना फोन लावून त्यांची तारीख आधी सांभाळली. मग ती कामाला बसली ती नवीला मराठी आकडे यायला लागल्यावरच उठली, आणि तिने आपली खुर्ची गुणाबाईसमोर सरकवली.

गुणाबाईने पदराला हात पुसले. एका बोटाने आधी १ दाबला, मग ५. पडद्यावर उमटलं, १५ डिसेंबर.

तिने त्या आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचला. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून म्हणाली, "सरक थोडी. दुसऱ्या गावाची मीच भरतो."