शोभेचं धुणं

पाल्मिरामावशींच्या ॲप्रनच्या खिशात कात्री आली त्याला आता महिना होत आला होता. कांदा चिरताना ती खिशात असे, दुपारी पडल्या तरी असे. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा क्षमेवर बोलू लागले की मावशी खिशात हात घालून ती जागेवर आहे ना, एवढं चाचपून घेत.

कात्री दोरीसाठी होती. मावशींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपासून समोरच्या बाल्कनीपर्यंत, गल्लीच्या डोक्यावरून, दोन कप्प्यांवर फिरणारी धुण्याची दोरी. नेपल्सच्या त्या गल्लीत अशा दोऱ्या इतक्या, की आकाश बघायचं तर कुणाच्या तरी लेंग्याची परवानगी घ्यावी लागते. पण ही दोरी मावशींनी आणि समोरच्या नुन्झियानं नव्या नवऱ्या असताना अर्धी-अर्धी वर्गणी काढून घेतली होती. काही वार नुन्झियाचे, काही मावशींचे, आणि रविवार भांडणाचा. दोरीच्या मध्यावर रस्त्याचा दिवा होता. ओली चादर त्याला हमखास अडके. मग नुन्झिया पलीकडून केरसुणीच्या दांड्यानं दोरी उचलून धरी आणि मावशी ओढत. असा दोघींचा संसार चालला होता. नवरे मधूनमधून असत.

नुन्झिया हिवाळ्यात गेली. घर भाच्याकडे आलं, सबातीनोकडे. त्यानं भिंती पांढऱ्या केल्या, टेबलावर लिंबं मांडली आणि घर प्रवाशांना आठवड्याच्या बोलीनं द्यायला सुरुवात केली. इथवर मावशींनी गिळलं. पण वसंतात एका सकाळी त्या ओल्या चादरी घेऊन खिडकीशी आल्या, तर दोरी भरलेली. पांढरेशुभ्र बनियन, लाल चौकड्यांचे रुमाल, एक झालरीचं झबलं. सगळं कोरं. आणि दोरी जागची हलू नये म्हणून सबातीनोनं पलीकडची कप्पी तारेनं करकचून बांधलेली.

मावशींनी खिडकीतूनच जाब विचारला. सबातीनो हात चोळत म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक बाल्कनीत आलं की त्याला धुणं दिसायला हवं. नाहीतर त्याला वाटतं, आपण चुकून भलत्याच गावाला उतरलो."

"मग माझं धुणं दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना. तीच तर पंचाईत. तुमचे कपडे फोटोत बरे दिसत नाहीत."

त्या दिवशी कात्री खिशात आली. पण कापायचं कसं? अर्धी दोरी स्वतःची. सबातीनोची अर्धी कापली तरी आपली अर्धी सोबत खाली जाणार, तीही जेरार्दो भाजीवाल्याच्या टोमॅटोंवर. रागावलेल्या माणसाला न्यायबुद्धी असू नये, फार खोळंबा होतो.

तेव्हापासून मावशींच्या चादरी घरातच दारांवर, खुर्च्यांवर वाळू लागल्या. म्हणजे वाळत नसत, नुसत्या बसून राहत. घराला कुबट वास आला, गुडघा ओल धरून ठणकू लागला. गच्चीवर जायचं तर त्याच गुडघ्याला विचारावं लागे, आणि तो नाही म्हणे.

निषेध म्हणून मावशींनी खिडकीची झडप बंद केली आणि दिवसभर फटीतून समोर बघत बसल्या. बहिष्कार टाकायचा तर लक्ष ठेवावंच लागतं.

समोर त्या वेळी हेनिंग नावाचा एक उंच, वयस्क डेन्मार्कचा माणूस उतरला होता. गल्ली त्याला 'स्वीडनवाला' म्हणे. त्यानं जेरार्दोला समजावून सांगितलं होतं, जेरार्दोनं मान्यही केलं होतं आणि पुन्हा स्वीडनवालाच म्हटलं होतं. हा गृहस्थ विश्रांतीसाठी अपार कष्ट घेई. सकाळी अंगभर पांढरं मलम फासून तळणीसाठी पिठात घोळवलेल्या मासळीसारखा बाहेर पडे. भर दुपारी, नेपल्सची कुत्रीसुद्धा जिन्याखाली शिरतात तेव्हा, हा समुद्रकाठच्या खडकावर आडवा. परत येई तो शिजलेल्या खेकड्याच्या रंगाचा. मग जेवे आणि जेवणावर दुधाची कॉफी पिई. नेपल्समध्ये दुधाची कॉफी फक्त सकाळची, जेवणावर ती म्हणजे पाप. ते बघून मावशी फटीआड छातीवर क्रूस काढत. आणि संध्याकाळी बाल्कनीत बसून तो त्या बनियनांकडे बघे, मग मावशींच्या बंद झडपेकडे बघे. बराच वेळ.

"बघतोय मेला," मावशी फटीतून पुटपुटत. "बघ. पैसे दिलेत ना बघायचे."

एका दुपारी अचानक सर आली. गल्लीत एकच हाकाटी उठली, कप्प्या किंचाळल्या आणि क्षणात सगळी धुणी आत गेली. बनियन तेवढे राहिले. हेनिंग छत्री घेऊन बाल्कनीत आला. तो इटालियन भाषा त्याच्या गावी संध्याकाळच्या वर्गात शिकला होता, आणि बहुधा पहिल्या बाकावर बसून.

"महोदया," तो ओरडला, "आपली वस्त्रे भिजत आहेत."

मावशींनी ओ दिली नाही. बनियन भिजताना बघून त्यांना वसंतापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हाक मारली, सकाळी आणि संध्याकाळी. मावशींनी रेडिओ बंद केला, भांड्याचा आवाज नको म्हणून शिळा पाव खाल्ला, एरवी झडप किलकिली करून दोरानं जेरार्दोकडे सोडायची ती भाजीची टोपलीही खाली सोडली नाही. इतकं मन लावून त्या आयुष्यात रागावल्या नव्हत्या.

त्याच्या पुढच्या सकाळी झडपेवर थाप पडली. तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून. मावशींनी झडप किलकिली केली, तर शिडीवर अग्निशमन दलाचा जवान, डोक्यावर शिरस्त्राण.

"आत कुणीतरी मेल्याची वर्दी आहे," तो म्हणाला.

"मला कुणी कळवलं नाही," मावशी म्हणाल्या.

जवानानं अंगठ्यानं मागे दाखवलं. मावशींनी झडप धाडकन उघडली. खाली अख्खी गल्ली माना वर करून उभी होती. जेरार्दोनं टोपी काढून छातीशी धरली होती. मावशी दिसताच त्यानं ती परत घातली. समोर बाल्कनीत हेनिंग, लालभडक चेहरा पांढरा पडलेला.

"महोदया, आपण जिवंत आहात याचा मला अतीव आनंद होत आहे."

"मी मेले म्हणून तुला कुणी सांगितलं रे?"

त्यानं क्रमवार सांगितलं. त्याच्या देशात दारात वर्तमानपत्रं साचली की शेजारी वर्दी देतात. महोदयांकडे वर्तमानपत्र येत नाही, म्हणून त्यानं धुणं पाहिलं. धुणं पावसातही आत गेलं नाही. झडप उघडली नाही. हाकेला उत्तर आलं नाही.

शिडीवरच्या जवानानं हात लांबवून एक बनियन उलटा केला. "याला अजून दुकानाची चिठ्ठी आहे. कुणाचं हे?"

"मला काय विचारता? तो बघा, आला धनी."

सबातीनो धापा टाकत हेनिंगच्या बाल्कनीत पोचला होता. सगळ्या गल्लीसमोर त्याला सांगावं लागलं, की हे धुणं शोभेचं आहे. आधी कुणालाच खरं वाटेना. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "मावशीसुद्धा शोभेच्याच ठेवायच्या होत्या का रे?" आणि गल्ली हसत सुटली.

मावशी हसल्या नाहीत. त्या हेनिंगवर तुटून पडल्या. ही काय तुमची गोठलेली गावं आहेत? इथं शिंक आली तर तीन खिडक्यांतून आशीर्वाद येतो. इथं माणूस मेलेलं कळायला शिडी लागत नाही. हे बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली आणि त्या थांबल्या.

"जेरार्दो," त्या म्हणाल्या, आवाज एकदम खाली आणून. "दोन दिवस माझी टोपली खाली आली नाही. तुला काही वाटलं नाही?"

जेरार्दो टोमॅटो सारखे करू लागला. "मला वाटलं, मावशी रागावल्यात."

"आणि रागावलेलं माणूस मरत नाही?"

गल्लीचं हसू जागच्या जागी विझलं. कुणी खाली बघितलं, कुणी आपल्याच दोरीकडे. नुन्झिया असती तर पहिल्याच संध्याकाळी केरसुणीच्या दांड्यानं झडप बडवली असती. हे प्रत्येकाला आठवलं, आणि मावशींना सर्वांत आधी.

त्या जवानाकडे वळल्या. "वर चढलाच आहेस तर समोर जाऊन ती तार तोड." त्यांनी कात्री पुढे केली. जवान म्हणाला, कात्री राहू द्या, पक्कड आहे.

"भिंत माझी आहे," सबातीनो म्हणाला.

"भिंत तुझी. दोरी अर्धी माझी, अर्धी नुन्झियाची. तिनं येऊन सांगितलं तर काढीन."

जवानानं शिडी पलीकडे लावून तार तोडली. बनियन, रुमाल, झबलं, सगळं ओढून सबातीनोच्या कडेवर आलं. मावशी आत गेल्या आणि चादर घेऊन आल्या. विटक्या फुलांची, ठिगळाची, फोटोत बरी न दिसणारी. चिमटे लावले, दोरी ओढली. चादर गल्लीच्या मध्यापर्यंत ऐटीत गेली आणि दिव्याला अडकली.

"ए स्वीडनवाल्या. दारामागे केरसुणी असेल. घे."

"महोदया, मी वास्तविक डेन्मार्क—"

"दांडा दोरीखाली घाल. उचल. वर म्हणते मी, वर. गल्लीच्या टोकाच्या समुद्राकडे काय बघतोस, चादरीकडे बघ."

हेनिंगनं उचलला. चादर दिव्यावरून सरकली आणि उन्हात पसरली. सबातीनो कडेवरचं ओझं सांभाळत म्हणाला, की हा शनिवारी जाणार, मग काय कराल?

"नवा येईल त्याला शिकवीन. तू जाहिरातीत आधीच सांगून ठेव, समुद्र दिसतो आणि केरसुणी उचलावी लागते." मग त्यांनी टोपली खाली सोडली, जेरार्दोकडे न बघता, आणि ती भरेपर्यंत समोरच्या बाल्कनीला बजावलं, "उद्या अभ्रे आहेत, लवकर ऊठ. आणि जेवणावर दुधाची कॉफी पिताना पुन्हा दिसलास, तर वर्दी मी देईन."