नऊशे वीस किलो

प्रभाकरदादांनी भाड्याच्या जीपला जोडून नवी बांधून घेतलेली कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, विचुंब्याच्या सोसायटीत आणली, तेव्हा मितालीने तिच्या रंगाकडे किंवा पडद्यांकडे पाहिलंच नाही. ती वाकून टायर बघायला लागली. जासईच्या कंटेनर यार्डात वजनकाट्यावर बारा वर्षं काढलेल्या बाईला दबलेला टायर दिसला, की पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

"दादा, वजन किती हिचं?"

"नऊशे वीस. तुमची गाडी बाराशे ओढते, पुस्तकात लिहिलंय. मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालोय मिताली, शिपाई म्हणून नाही."

दादा म्हणजे तिचे मोठे दीर. त्यांची स्वतःची गाडी लहान, म्हणून ओढायला मितालीची मोठी गाडी ठरली होती. ठरवली दादांनी आणि हो म्हटलं सुशांतने. जिच्या नावावर गाडी होती तिला जेवताना नुसतं कळवण्यात आलं. शनिवारी दापोली, किनाऱ्यावर आठ दिवस मुक्काम. दादा, रमावहिनी, सुशांत, मिताली आणि नऊ वर्षांची इरा.

"नऊशे विसाला टायर एवढे दबत नाहीत," मिताली म्हणाली.

"हवा कमी असेल."

ती घरात गेली आणि बाथरूममधला वजनाचा काटा घेऊन आली. कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या हुकावर येतो, आणि तो पंचाहत्तर किलोच्या वर जाऊ नये असं त्याच पुस्तकात लिहिलं होतं. पुढचं टोक विटांवर टेकवून तिने तिथलं छोटं चाक वर घेतलं, खाली काटा सरकवला आणि दांडा फिरवून चाक त्यावर टेकवलं. दीडशे किलोपर्यंतचा तो काटा. आकडा दाखवेचना, नुसता 'एरर' म्हणून लुकलुकत राहिला.

"माणसं तोलायचा काटा तो!" दादा मोठ्याने हसले. खालच्या मजल्यावरचे दोघं गॅलरीत येऊन उभे राहिले होते, त्यांनाही ऐकू जावं असं. "चिठ्ठ्या फाडता फाडता बाई इंजिनियर झाली."

सुशांतने तिला कोपराला धरून बाजूला घेतलं. "लोकांसमोर तमाशा कशाला?"

"मी एकटीच करतेय तमाशा?"

तो कोपर सोडून दादांकडे परत गेला. मोठ्या भावापुढे तो कधीच काही बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शकीलला फोन लावला. पनवेलमध्ये त्याची शेड होती आणि कॅराव्हॅन त्यानेच बांधली होती. तो एकदम बिथरला. "ताई, माझ्या शेडमधून निघाली तेव्हा नऊशे वीसच होती, खुदा की कसम. ब्रेकसुद्धा बसवून दिलेत. आठवडा झाला साहेबांच्या ताब्यात आहे. नंतर त्यांनी आत काय भरलं, त्याची जिम्मेदारी माझ्यावर टाकू नका."

रात्री तिने सुशांतला एकच अट घातली. पळस्प्याला गोवा रोडला वळण्याआधी काट्यावर गाडी घालायची. नाहीतर ती येणार नाही, इराही नाही, आणि गाडीही नाही.

शनिवारी सकाळी निघाल्यापासूनच गाडीचं नाक वर आणि ढुंगण खाली. "स्टिअरिंग हलकं लागतंय," सुशांत दोनदा पुटपुटला. एक कंटेनर शेजारून सुसाट गेला तशी मागची कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागली आणि गाडीलाही हिसके बसले. इराने आईचा हात धरला. पुढच्या सीटवरून दादा म्हणाले, "नवी आहे. सवय होईल."

"घाटात उतारावर ती आपल्याला ढकलेल, तेव्हा सवय करून घ्यायला वेळ मिळणार नाही," मिताली मागून म्हणाली.

"प्रवासाला निघताना अभद्र बोलू नये, हे तुझ्या आईने शिकवलं नाही?"

पळस्प्याच्या काट्यावर पूर्वी जासईला तिच्याबरोबर काम केलेला काशीराम बसलेला होता. मितालीला बघून तो उठला. "मॅडम, तुमी हितं?" तेवढंच दादांना पुरलं. "वा! काटापण घरचाच का?"

गाडी सोडवून नुसती कॅराव्हॅन काट्यावर ठेवली. काशीरामने आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग चिठ्ठी काढून दिली. एक हजार सातशे दहा.

"खोटं आहे," दादा ओरडले. रांगेतले ट्रकवाले बघायला लागले. "तुम्ही दोघांनी संगनमत केलंय."

"साएब, काटा कोनाचा सोयरा नाय," काशीराम शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या काट्यावर न्या. तोच आकडा येल."

मितालीने हात पुढे केला. "चावी द्या, दादा."

"कसली?"

"कॅराव्हॅनच्या दाराची. जवळजवळ आठशे किलो जास्तीचं आत आहे. टॉवेल आणि स्टोव्ह नाहीत ते."

दादांनी चावी दिली नाही. दिली रमावहिनींनी, पर्समधून काढून, कुणाकडे न बघता. "रमा!" दादा गरजले, पण तोवर मिताली आत गेली होती.

पुढच्या पलंगाची फळी तिने उचलली. खाली खोक्यांवर खोकी, पट्ट्यांनी आवळलेली. फरशा. सत्तावीस खोकी तिने मोजली. बाजूला वॉशबेसिन, नळ, आणि गोणपाटात गुंडाळलेला ओट्याचा काळा दगड. सगळा भार पुढे, हुकाच्या डोक्यावर.

सुशांत दारात येऊन उभा राहिला होता. "दादा, हे कुठल्या घराचं?"

प्रभाकरदादांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"दापोलीच्या जागेवर काम काढलंयत का?" ती जागा वडिलांच्या माघारी दोघा भावांच्या नावावर होती.

"काढलंय," दादा म्हणाले. एकदा कबूल केल्यावर त्यांचा आवाज उलट चढला. "स्लॅब टाकूनसुद्धा झाला. तुला विचारून काय झालं असतं? तुला कधी काही ठरवता आलंय? तू हिला विचारणार, आणि ही काट्यावर बसणारी मला घर बांधायचं शिकवणार!"

"आणि हे सामान माझ्या गाडीने न्यायचं. माझी मुलगी आत असताना," मिताली म्हणाली.

"टेम्पो कशाला, गाडी जातेच आहे. आता लाव तो हूक. ऊन चढतंय."

सुशांतने हूक लावला नाही. त्याने गाडीच्या डिकीतून दादा-वहिनींच्या दोन बॅगा काढल्या आणि कॅराव्हॅनच्या पायरीवर ठेवल्या. मिताली वहिनींपाशी गेली. "चला आमच्याबरोबर."

"त्या ओट्याचा दगड मी निवडलाय," रमावहिनी कोरडेपणाने म्हणाल्या. "चावी दिली ती पोरीकडे बघून. तुझ्यासाठी नाही."

कॅराव्हॅन काट्यावरून हटवायला काशीरामने एक ट्रॅक्टर बोलावला. मागे रांग ओरडत होती, दादा काशीरामवर ओरडत होते. मितालीने इराला पट्टा लावला.

दापोलीऐवजी तिघं विचुंब्याच्या वळणापर्यंत परत आले. मग सुशांत म्हणाला, "झालं समाधान? चारचौघांत भाऊ उघडा पडला माझा."

"आणि पडला नसता तर?"

"मला काय माहीत!" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. बरोबर ठरल्याचा आनंद होईल असं मितालीला वाटलं होतं. आली ती नुसती चीड, नवऱ्याचीही.

सोमवारी सुशांत न सांगता रजा टाकून दापोलीला गेला, अर्धवट बंगल्याचे फोटो काढून आला आणि वकिलाला भेटला. मितालीला हे त्याच्या मोबाईलवरच्या फोटोंवरून कळलं. दोघं भाऊ त्यानंतर बोलले ते नोटिशीतून.

नात्यात गोष्ट वेगळीच फिरली. महिन्याभराने सुशांतच्या गुणाबाई आत्याचा फोन आला. "अगं, भर उन्हात, हायवेवर, वडीलधाऱ्या माणसांना सोडून आलीस म्हणे?"

"हो," मिताली म्हणाली. "सोडून आले." आणि तिने फोन ठेवला.