तीस सेकंदांची मुदत

दोन हजार नऊ साली काशीगावच्या आमच्या ऑफिसात बसून वरसाव्याच्या गोदामातलं सर्व्हर मशीन सांभाळणं हे माझं काम होतं. त्या एका मशीनवर चार व्हर्च्युअल सर्व्हर चालत, आणि माझ्यासमोरचा मॅनेजमेंट सर्व्हर त्यावर नजर ठेवी. मे महिन्यात रोज बाराच्या सुमाराला स्क्रीनवर लाल फुली यायला लागली. म्हणजे मशीन उत्तर देत नाही!

मग मी गोदामाचे वॉचमन धर्माकाका यांना फोन करायचे. "काका, बटण दाबून बंद करा, परत चालू करा." ते मुकाट्याने करायचे. अर्धा तास गोदाम ठप्प, बाहेर टेंपोंची रांग आणि माझं डोकं तापलेलं.

मालक गुणवंतभाईंनी जाब विचारला, तेव्हा मी ठोकून दिलं, "धर्माकाका केबलशी खेळत असणार." पुरावा कसला? राग आला होता, एवढंच.

"पहिली तारीख से दुसरा माणूस ठेवतो," भाई म्हणाले.

एकतीस तारखेला पुन्हा फुली आली. काका जेवायला गेलेले, फोन कोणी उचलेना. मी चरफडत बसले होते, आणि मिनिटभरात फुली आपोआप गेली!

मी नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं, मशीन स्वतःहून कधी बंद पडलंच नव्हतं. मेपासून बारा वाजता गोदामाच्या सगळ्या फायली आमच्याकडे त्याच इंटरनेटच्या लाइनवरून यायच्या, त्यामुळे उत्तराला उशीर व्हायचा. आमचा सर्व्हर तीस सेकंद वाट पाहून फुली दाखवून मोकळा व्हायचा. ती मुदत मीच कधी तपासली नव्हती. तिसाचे एकशेवीस केले. मग त्या फायली मुद्दाम पुन्हा मागवून पाहिल्या. फुली आली नाही.

मला स्वतःचीच लाज वाटली. तशीच भाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

भाईंनी फोन माझ्याकडे सरकवला. "तूच बोल त्याला."

"काका, उद्या कामावर या. चूक माझी होती. मशीन चालूच असायचं."

"ठावं हाय मना," काका शांतपणे म्हणाले. "मशीनवर हिरवे दिवे लागलेले असायचे ना."

"मग बोलला का नाहीत?"

"पयल्याच दिवशी बोलाला लागलो, मॅडम. तवर तुमी फोन ठेवलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.