पितळी लगाम

सर्वपित्री अमावस्येला आप्पासाहेब पत्र्यावर तीन पानं ठेवायचे. एक वडिलांचं, एक आईचं आणि एक थोरल्या भावाचं, म्हणजे कानिफनाथाचं. पहिली दोन कावळे खायचे. तिसरं मात्र कावळ्याच्या नशिबी कधीच आलं नाही. आप्पासाहेब शिडीवरून उतरून हात धुवायला वळले, की त्यांची भावजय लंकाबाई ते पान खाली घ्यायच्या आणि ओट्यावर मांडी घालून शेवटच्या वड्यापर्यंत फस्त करायच्या. गुडघे गेल्यापासून त्यांना शिडी जमेना, म्हणून शेळ्यांसाठी पाला ओढायची आकडी त्यांनी या कामाला लावली होती.

"वैनी, ह्ये पितराचं हाय."

"माझा नवरा पितर न्हाई. त्याचं ताट वाढलंय, तो हितं न्हाई, मंग बायकोनंच खायाचं ना? खीर पातळ झालीया औंदा."

कानिफनाथ एकाहत्तरच्या लढाईत गेला तो गेलाच. लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. तार आली तीत 'बेपत्ता' असं होतं. पुढे काही वर्षांनी सरकारने त्याला मेलेला धरलं, सरकारच्या मागोमाग वाडीनेही धरलं. लंकाबाईंनी धरलं नाही. कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "सरकारला सापडत न्हाई म्हंजी मेला व्हय? सरकारला तर आमच्या वाडीचा रस्ता बी सापडत न्हाई."

पाथर्डीहून जीप येऊन थांबते तिथल्या चहाच्या टपरीवर हा विषय अधूनमधून निघायचाच. सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात पन्नास वर्षं कैद्याला फुकट कोण पोसतं? आपण तर बैल ओढायचा थांबला की दुसऱ्या बाजाराला काढतो. यावर लंकाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं.

"बैल इकला तर बोलत न्हाई. मानूस सोडला तर तो बोलतो, इतकी वर्सं कुठं हुता ते सांगतो. पहिल्या वर्साला सोडला न्हाई, मंग दुसऱ्या वर्साला सोडायची लाज वाटती. असं करत करत ऱ्हायलं आसंल."

मग मंडळी आणखी एकेक चहा सांगायची.

पंचवीसेक वर्षांपूर्वी तर लंकाबाईंना पुरावाच मिळाला होता. मढीला कानिफनाथ देवाच्या यात्रेत पालघरकडचा एक कोळी भेटला. समुद्रात हद्द चुकली म्हणून तो पलीकडच्या तुरुंगात राहून आलेला. तो म्हणाला, शेजारच्या कोठडीत एक माणूस होता. तोंड कधी दिसलं नाही. कुणाशी बोलायचा नाही, फक्त शिपाई डाळ घेऊन आला की ओरडायचा, 'मढीच्या बाजारातलं बिनइकलं गाढव, अन् वर पितळी लगाम!' हे मढी आहे तरी कुठं, म्हणून कोळी सुटल्यावर मुद्दाम बघायला आला होता. तिथला गाढवांचा बाजार पाहून त्याला फार समाधान वाटलं.

लंकाबाई धावत घरी आल्या. ही शिवी त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकली होती. संसारच मुळी चार महिन्यांचा, त्यात ऐकलेलं ते काय विसरणार? कानिफनाथ ती बैलाला द्यायचा, आणि एकदा मीठ जास्त पडलं तेव्हा लंकाबाईंनाही दिली होती.

आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैनी, ही शिवी सारा तालुका देतो. लगामासकट. आपल्याकडचा दुसराच कुनी आसंल."

आता खरं असं होतं, की बिनविकलं गाढव सारा तालुका म्हणे, पण त्याला पितळी लगाम फक्त यांच्या घरात लावत. तो आप्पासाहेबांच्या वडिलांनी जोडलेला. ते लंकाबाईंच्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे लंकाबाईंना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि पडताळा तरी कसा घेणार? पुरुष बायामाणसांपुढे शिवी अर्ध्यातच गिळतात. आप्पासाहेब तर वैनींपुढे कधीच शिवी देत नसत. सगळे म्हणत, केवढा मर्यादशील दीर! खरं कारण निराळंच होतं: दिराला शेवगावच्या एसटीतसुद्धा मळमळायचं. दिल्लीपर्यंत हेलपाटे कोण घालणार? आणि हेलपाटे घालून भाऊ मेलेलाच निघाला, तर त्याला दुसऱ्यांदा रडायची त्यांची छाती नव्हती. एकदाचा मेला होता, ते बरं होतं.

यंदा सरपंच कल्याणने हुतात्मा कानिफनाथाच्या पुतळ्याची टूम काढली. दसरा झाला की वाडी ऊसतोडीला निघून जाते, मागे म्हातारे आणि कुत्री उरतात, टाळ्या वाजवायला माणूस नसतं. म्हणून त्याने अनावरणाला सर्वपित्री अमावस्याच धरली.

"पितरपाटात शुभकार्य?" कुणीतरी विचारलं.

"मेलेल्या मानसाचा पुतळा हाय. त्याला ह्याच्याहून चांगला मुहूर्त कोनता?" कल्याण म्हणाला.

"आन् जित्या मानसाचा आसंल तर?" लंकाबाईंनी विचारलं.

"मंग त्यांनी येऊन हरकत घ्यावी, काकू."

आप्पासाहेबांना हे पटलं. पुतळा उभा राहिला की वाद मिटेल, वैनी पान खाली ओढायच्या थांबतील आणि आपल्याला सुखाने मरता येईल, असं त्यांना वाटलं. आपल्यामागे मुलगा पुण्यात बसून कसली पानं ठेवणार होता?

अडचण एवढीच होती, की कानिफनाथाचा फोटो एकच आणि तो लग्नातला. त्यात मुंडावळ्यांच्या मागे नाकाचा शेंडा तेवढा दिसायचा. नगरचा मूर्तिकार नियाज म्हणाला, "सरपंच, मुंडावळ्या करून देतो, त्यामागचा माणूस तुम्ही आणा." कल्याण डोकेबाज. त्याने 'पत्रिकेवर छापायचा' म्हणून आप्पासाहेबांचा मोबाईलवर फोटो काढला आणि निरोपासकट नियाजला पाठवला: सख्खा भाऊ, एका साच्यातला. वय तेवढं कमी करा.

अमावस्येला सकाळी अख्खी वाडी शाळेपुढे जमली. लंकाबाई कुंकू लावून, हिरवं लुगडं नेसून सगळ्यात पुढे खुर्चीवर बसल्या. मांडीवर आकडी. आप्पासाहेबांच्या हातात माईक दिलेला. दोन शब्द बोला, आप्पा, म्हणून. कल्याणने दोरी ओढली, पडदा पडला, हार घातला गेला.

फेटा होता. मिशा होत्या. छातीवर पदकं होती, ती नियाजने आपल्या पदरची दिली होती. आणि नाकाच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा मस होता, जो अख्ख्या वाडीत एकाच माणसाला होता. नियाज प्रामाणिक कारागीर. वय कमी केलं, मस तसाच ठेवला.

पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, कधी गेलात? कळलं न्हाई!"

आप्पासाहेबांना आपल्याच गळ्यात हार दिसला. वर तोंड आपलं, खाली नाव भावाचं आणि त्यापुढे 'अमर रहे' दिसलं. सकाळपासून चहा मिळालेला नव्हता, लघवीला लागली होती, आणि ह्या लोकांनी त्यांना मारून मोकळं केलं होतं. ते इथे उभे होते, आणि कुणी विचारतसुद्धा नव्हतं. डोक्यात तिडीक गेली.

"कल्याण्या!" माईकमधून वाडीभर घुमलं. "आरं मढीच्या बाजारातलं बिनइकलं गाढव तू, अन् वर पितळी लगाम!"

हशा झाला. तो ओसरला तेव्हा लंकाबाई आकडीवर भार देऊन उभ्या होत्या.

"गड्यांनो," त्यांनी मंडपाकडे वळून विचारलं, "गाढव सगळ्यांना म्हाईत हाय. पितळी लगाम कुनी कुनी ऐकलाय?"

गडी एकमेकांकडे बघू लागले. कुणी ऐकला नव्हता.

"न्हाई बा," कल्याण म्हणाला. त्याला तर ती शिवी आवडलेली दिसत होती. "लगाम आजच ऐकला. झ्याक हाय."

लंकाबाई आप्पासाहेबांकडे बघत राहिल्या. आप्पासाहेबांनी माईक खाली ठेवला. मग लंकाबाईंनी आकडी उचलून पुतळ्याचा हार अलगद ओढून घेतला आणि घरी शेळीला टाकला.

दुपारी आप्पासाहेबांनी पत्र्यावर दोनच पानं ठेवली. तिसरं त्यांनी ओट्यावर लंकाबाईंच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि उभे राहिले.

"बसा की, भावजी. तुमचा बी पुतळा झालाय. तुमाला बी हितनं फुडं ह्यातलंच खावं लागंल."

ते बसले. दोघं एकाच पानात जेवली. अशी मर्यादा त्या घरात पहिल्यांदाच मोडली. जेवता जेवता आप्पासाहेबांनी इतक्या वर्षांत कधीही न विचारलेलं विचारलं.

"आसंल का वो, वैनी? आजून?"

"मला काय ठाव?" लंकाबाईंनी वडा मोडला. "तवा हुता. डाळीला नावं ठेवन्याइतका हुता. तवाच तुमी तोंड उघाडलं असतं, तर इचारता आलं असतं."

आप्पासाहेबांनी आपल्या बाजूची खीर त्यांच्याकडे सारली.

"उद्याच्याला पाथर्डीला जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथनं नगरला, आन् तिथनं फुडं. निघताना चार पिशव्या घ्या, तुमाला मळमळतं."

पत्र्यावरची दोन पानं संपवून एक कावळा ओट्याच्या कडेला उतरला आणि मान तिरकी करून तिसऱ्या पानाकडे बघू लागला. आप्पासाहेबांनी पान दोन्ही हातांनी झाकलं आणि त्याला गाढवापासून लगामापर्यंत सगळी शिवी दिली, वैनींच्या देखत, एकही शब्द न गिळता.