बाधा खाणारं रोप

कागलजवळच्या आमच्या गावात देवळासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. भस्मानंद महाराजांनी तांबूस रोपाची कुंडी पुढं मांडली होती. पानांवर चिकट थेंब चमकत होते. एक चिलट त्यात अडकलं आणि प्रवचन संपेपर्यंत पान त्याच्याभोवती वळलंही.

"बाधा खातंय हे," महाराज म्हणाले. "घर शुद्ध असंल तर जगंल. अवदसा असंल तर काळं पडंल. मग आमचं तीर्थ न्यायचं."

घरोघर कुंड्या गेल्या, घरोघर रोपं काळवंडली. प्रत्येक घरात अवदसा सापडली आणि ती नेमकी सूनच निघाली. आमच्या शेजारच्या तानाबाईंनीही नव्या सुनेला, संयोगिताला, माहेरी धाडायचं ठरवलं. तिनं पिशवी भरली.

तेवढ्यात तानाबाईंची लेक स्नेहल आली. ती कोल्हापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"वहिनी, रोपाला पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. सकाळ-संध्याकाळ, वरनं."

स्नेहलनं कुंडी उचलली, वहिनीचा हात धरला आणि थेट देऊळ गाठलं. महाराजांसमोर, सगळ्या लोकांसमोर शेगडीवर एका ताटलीत बोअरचं पाणी आणि दुसरीत महाराजांचं तीर्थ आटवलं. बोअरच्या ताटलीत पांढरा थर उरला. तीर्थाची ताटली स्वच्छ होती.

"ह्याला दवबिंदू म्हणतात," ती म्हणाली. "चंदगडच्या सड्यावर, उघड्या कातळावर उगवतं. तिथल्या मातीत कस नसतो, म्हणून किडे खातं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ह्याची मुळं मरतात; तीर्थात क्षारच नाहीत, म्हणून त्यावर जगतं. महाराज, ह्याच बोअरच्या पाण्यावर मंत्र म्हणा आणि रोप जगवून दाखवा."

"आज आमचं मौन हाय," महाराज म्हणाले.

लोक हसले. गॅरेजवाले मीरासाब पुढं आले. "म्हाराज, तुमच्याकडं गाडी न्हाय. मग तुमचा चेला माझ्याकडनं बॅटरीच्या बिनक्षाराच्या पाण्याचे कॅन कशाला न्हेतोय?"

महाराजांचं मौन तेव्हा खरोखर सुरू झालं. संध्याकाळच्या एसटीनं ते गेले.

तानाबाईंनी स्वतः सुनेची पिशवी रिकामी केली. "चुकलं माझं, पोरी."

"व्हय आत्या, चुकलं," संयोगिता म्हणाली, आणि मग दोघी रडता रडता हसल्या.

रोपाचा मधला कोंब जिवंत होता. आता कुंडी उथळ ताटलीत असते. ताटलीत पावसाचं साठवलेलं पाणी, ते संपलं की बॅटरीचं. नवी पानं फुटलीत, चिलटंही कमी झालीत.

रोप सुकलं तर पाणी तपासा, माती तपासा, जाणत्याला विचारा. घरातल्या बाईकडं बोट दाखवून आजवर एकही रोप जगलेलं नाही.