होडीतून दिसलेलं नाक

आमच्या राजवाड्याच्या संग्रहालयात इतिहासाला कुणी हात लावू शकत नाही. लावलाच तर भोंगा वाजतो. तो भोंगा बिघडून आता काही वर्षं झाली; तेव्हापासून दालनावर नजर ठेवणाऱ्या एतेल्का काकू ओरडतात.

"पाय मागे घ्या!"

सरदारीणबाईंच्या शयनगृहातून हा आवाज आला तेव्हा मी दाराशी लोकरीच्या सपाता वाटत होतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्या बुटांवरूनच चढवाव्या लागतात. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून, असं आम्ही सांगतो. पॉलिशही फुकटात होतं, ते सांगत नाही.

घसरतच आत गेलो. बसड्रायव्हरचं जाकीट घातलेला, चाळिशीचा, आडदांड माणूस पाहुण्यांना अडवणारी दोरी ओलांडून उभा होता. त्याच्या आणि तळ्याकडच्या खिडकीच्या मध्ये काकू.

"बाई, सरका. फक्त खिडकीपर्यंत जायचंय."

"तिथे आमचे संचालकसुद्धा जात नाहीत."

"संचालक इथे जन्मलाय का? मी जन्मलोय. छप्पन साली."

हे खोटं नव्हतं. सरदार पळाल्यावर राजवाड्याचं प्रसूतिगृह झालं होतं. बापांना आत मज्जाव. मग ते तळ्यातून होडी वल्हवत खिडकीखाली यायचे आणि नर्सबाई याच खिडकीतून बाळ उचलून दाखवायची.

"बाबांनी मला तेवढंच पाहिलं. एकदाच. त्याच आठवड्यात रशियन रणगाडे आले आणि ते सीमेपलीकडे गेले." त्याने दोरीचा पितळी खांब घट्ट धरला. "गेल्या महिन्यात वारले, टोरांटोला. आता मी जातोच. बोलवा कुणाला बोलवायचंय त्याला."

"पोलीस?" मी पुटपुटलो. शेजारच्या दालनातून संचालकांचा आवाज जवळ येत होता. सोबत मंत्रालयाचे पाहुणे.

काकूंनी मान वळवली नाही. "होडीत काय होतं?"

"काय?"

"तुमच्या बाबांच्या होडीत."

"कोंबडी," तो गोंधळून म्हणाला. "जिवंत. आईच्या सुपासाठी."

"पाण्यात पडली ती. मग तिला काढायला तुमचे बाबा. मी तेव्हा इथे नर्स होते. बाळ माझ्याच हातात होतं."

त्याचा हात खांबावरून सुटला. "मला बघून... काही बोलले?"

"बोलले कसले, ओरडले. 'नाक माझंच!' अख्ख्या तळ्याने ऐकलं."

दाराची मूठ फिरली. काकू बाजूला झाल्या. तो सपातांतून सरकत खिडकीशी गेला आणि एक हात नाकावर ठेवून खाली पाण्याकडे बघत राहिला.

"हे काय चाललंय?" संचालक.

"खिडकीची कडी तपासतायत," काकू म्हणाल्या.

जाताना त्याने सपाता जोडीने लावून ठेवल्या आणि माझा हात दुखेपर्यंत दाबला.

"काकू, इतक्या बाळांतून नेमकं हेच तुमच्या लक्षात राहिलं?"

"हे कुठलं दाखवलं होतं? झोपलेल्या बाळांना उठवून मग निजवणार कोण? त्या आठवड्यात बेकरीवाल्याचं बाळ तेवढं जागं असायचं. सगळ्या बापांना तेच दाखवलं."

त्यांनी खुर्ची दोरीपाशी ओढली आणि बसल्या.

"मुलगी होती."