डावी भकाळी

पकडीने तार तुटल्याचा आवाज आला आणि तुर्सुनाई अनवाणीच बियाणे संशोधन केंद्राच्या खोलीबाहेर धावली. एसेनकुलने कुंपण फाडलं होतं. हिवाळाभर उपाशी राहिलेला त्याचा मेंढ्यांचा कळप दवाने भिजलेल्या लसूणघासात तोंड खुपसून ओरबाडत होता.

दुष्काळ आणि बर्फ दोन्ही पचवून जगलेली लसूणघासाची ही एकच जात. बाकी सगळ्या मेल्या. खोडापर्यंत कुरतडली गेली तर बी धरणार नाही, आणि हिचं बी जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"बाइके, दादा, काढा त्यांना! घास ओला आहे, फुगून मरतील!"

"दरवर्षी चरतात," घोड्यावरून एसेनकुल म्हणाला. "वरच्या कुरणाची वाट इथूनच जाते. वाटेत एक मुक्काम, एक वेळचा चारा, बापजाद्यांचा हक्क आहे. तुझं कुंपण कालचं."

"दरवर्षी इथे गुलाबी फुलांचं एस्पार्सेट असायचं. त्याने पोट फुगत नाही. हे वेगळं आहे!"

"गवत ते गवत. मॅडमना घोडा आणि गाढव तरी वेगळं दिसतं का?"

तिने लगाम धरला. चाबूक तिच्या कानावर बसला, कान फाटला. दुसरा फटका मनगटावर. तिने लगाम सोडला आणि त्याचा बूट धरून सगळ्या अंगाने ओढलं. तो धाडकन खाली आला. तिने त्याच्या तोंडावर गुडघा हाणला, त्याने तिचे केस धरून तिला चिखलात रगडलं. हक्काच्या गोष्टी करणारा माणूस आणि विज्ञानाच्या गोष्टी करणारी बाई कुत्र्यांसारखी लोळत होती, आणि मेंढ्या खात होत्या.

मग पुढारी मेंढा कोसळला. डावी कूस, बरगडीमागची भकाळी, नगाऱ्यासारखी ताणलेली. त्याच्यामागे दुसरी, तिसरी.

एसेनकुल पांढरा पडला. सुरी काढली, बिस्मिल्ला म्हणाला आणि मेंढ्याचा गळा चिरला. दुसरीचा चिरला. तिसरीचा. न कापता मेलं तर मांस हराम.

"मूर्खा, सगळा कळप कापणार का? भकाळीत भोसक, हवा जाईल, जगतील!"

"पोटात भोसकलेली मेली तर कुत्र्यालाच घालायची!"

"आणि जगली तर?"

तिने त्याच्या हातावर दात रोवले, सुरी हिसकली आणि जवळच्या मेंढीच्या डाव्या भकाळीत, शेवटच्या बरगडीमागे, मुठीपर्यंत घुसवली. पातं जरा वळवलं. फस्स! हिरवा फेस तिच्या तोंडावर उडाला. मेंढीने श्वास ओढला, पाय झाडले, उभी राहिली.

एसेनकुल गुडघ्यांवर आला. "पोरी, बाकीच्याही कर. तुझ्या पाया पडतो."

ती पुढे झाली नाही. रक्ताळलेल्या सुरीने तिने कुंपणाच्या भगदाडाकडे खूण केली.

"आत एकीलाही हात लावणार नाही. बाहेर ओढून आण, तिथे भोसकते. आधी उभ्या आहेत त्या हाकल."

"तोवर मरतील त्या!"

"मग पळ!"

तो पळाला. शिव्या देत त्याने कळप हाकलला, मग फुगलेल्या मेंढ्या शिंगांना, पायांना धरून फरफटत आणल्या. ती भोसकत गेली. काही जगल्या. काहींपर्यंत तो पोचला नाही, त्या तशाच गेल्या, हराम.

पुढारी मेंढ्याच्या रक्तात हात घालून तुर्सुनाईने खोडं चाचपली. कडेची गेली होती. मधला पट्टा बोटभर उंच उरला होता, हिरवा, बी धरण्यापुरता.

एसेनकुल घोड्यावर चढला, तुटलेला दात थुंकला. "पुढच्या वसंतातही वाट हीच असेल."

"या की," ती सुरी गवताला पुसत म्हणाली. "ही माझ्याकडेच राहील."